घरटी एक

खांदेश्वरला भाड्यानं खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मुलंबाळं किती तेही विचारलं नाही. ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बोट केलं आणि विचारलं, "ह्या दोन-अडीचशे वर्सांन जगात सगल्यात मोठी गोस्ट कनची झाली?"

नवरा साताऱ्याचा. तिथं घर भाड्यानं देताना असलं काही विचारत नाहीत. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग घसा साफ केला आणि म्हणाला, इंटरनेट.

"चुकला," मालक म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

मी शेजारीच उभी होते. मलाही एक उत्तर सुचलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि घर मिळतंय म्हटल्यावर मीही तोंड उघडलं नाही. त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. आता नावड्याला आमचं स्वतःचं घर आहे, वर गच्ची आहे, खाली पार्किंग आहे. पण रविवारची संध्याकाळ झाली की अजूनही माझा कान जिन्याकडं लागतो.

मालकांना सगळे मालकच म्हणत. त्यांचं गाव खाडीकाठचं. तिथली शेतं शहरासाठी गेली आणि त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के म्हणून मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी ही तीन मजली इमारत उभी केली. तळोज्याच्या एका कंपनीत ते ऑपरेटर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कंपनीचाच खाकी शर्ट घालत. त्या शर्टाच्या खिशात कॅलेंडरचं पान घडी घालून ठेवलेलं असे आणि त्यावर उधाणाचे दिवस लाल पेनानं खुणा करून ठेवलेले असत. बिल्डिंगच्या ग्रुपवर बाकीचे लोक सकाळी फुलं आणि सुविचार पाठवत. मालक पाठवत, "आज उधान. बारा वाजून दहा. गाड्या वर लावा."

खाडी तिथून दीड किलोमीटरवर होती. मध्ये टॉवर उभे होते, हायवे होता, एक मॉल होता. सहा वर्षांत आमच्या गल्लीत खाडीचा एक थेंब आला नाही. तरी पौर्णिमा-अमावास्येला मालक गेटपाशी उभे राहून दुचाकी एकेक करून उताराच्या वर लावून घेत. सुरुवातीला मी हसायचे. पुढं पुढं मीच खिडकीतून नवऱ्याला ओरडून सांगायला लागले की आज अमावास्या आहे, गाडी वर लाव.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर बैठक बसे. विषय एकच, तो पहिल्या दिवशी विचारला तोच. बिल्डिंगमध्ये सहा बिऱ्हाडं होती आणि मालकांचा नियम होता, घरटी एक. म्हणजे एका घरातून एकानंच येऊन बोलायचं. दोघं आले तर वाद घरातलाच होतो आणि तो ऐकायला आपल्याला वेळ नाही, असं ते म्हणत. आता घरटी एक म्हटल्यावर तो एक कोण असणार हे सांगायला नको. पाच वाजले की सहा घरांतून सहा पुरुष खाली उतरत. मी जिन्याच्या खिडकीत लसूण सोलत बसे आणि माझ्या नवऱ्यानं काय बोलायला हवं होतं ते मनातल्या मनात बोले.

काकी, म्हणजे मालकांची बायको, कोरा चहा आणून द्यायच्या आणि दाराच्या आत पाट टाकून सुकट निवडत बसायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हसल्या की डोळे मिटायचे. त्यांच्या डाव्या पायात जोडवं होतं, उजव्या पायात नव्हतं. लग्न झाल्यावर चारच महिन्यांत कुठंतरी पाडून आली, असं मालक चारचौघांत सांगत. दुसरं घडवून देतो म्हटलं तर नको म्हणते, अशीही तक्रार असे. काकी त्यावर काही बोलत नसत.

मालकांची मोजपट्टी अजब होती. कुणी काहीही सांगितलं की ते एकच विचारत, "घरटी एक गडी गेला का?" सगळं त्यावर ठरे. नवऱ्यानं चंद्रावर माणूस उतरला ते सांगितलं. मालक म्हणाले, कुनाच्या घरातला गेला? दोघं-तिघं गेले, बाकीच्यांनी नुसता बघितला, ती गोष्ट मोठी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी महायुद्ध सांगितलं. मालक म्हणाले, गडी गेले खरे, पण ते बांध फोडायला गेले, बांधायला नाही गेले. करोनाचं नाव निघालं तेव्हा तर ते चिडलेच. तेव्हा घरटी एक जाणं राहिलं बाजूला, जो तो दार लावून आत बसला, असं त्यांचं म्हणणं. आणि इंटरनेटबद्दल ते माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, घरटी एक गेला हे खरं आहे, पण कुठं गेला तेवढं सांग.

ही मोजपट्टी कुठून आली ते आम्हाला पहिल्या वर्षीच समजलं. त्यांच्या गावाची भातशेती खाडीच्या पाण्याखालून काढलेली. मातीचा लांबलचक बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत भात पिकवायचं. मोठ्या उधाणाला कधी बांधाला खिंडार पडे. त्याला ते खांड म्हणत. खांड पडली आणि पुढच्या भरतीआधी बुजवली नाही तर सगळ्या गावाच्या शेतात खारं पाणी शिरणार आणि पुढची तीन वर्षं तिथं भात होणार नाही. म्हणून कायदा असा, की खांडीची हाक आली की घरटी एक गडी बांधावर गेलाच पाहिजे. घरात मयत असो, लग्न असो. काम संपलं की गावचा पंच एकेका घराचं नाव पुकारी आणि त्या घरातल्या गड्यानं "हाय", म्हणजे हजर आहे, असं म्हणायचं. ज्या क्रमानं घरं पुकारली जात त्याच क्रमानं गावदेवीच्या जत्रेत नारळाचा मान. ज्या घरातून हाय आलं नाही ते सगळ्यांच्या शेवटी. पुन्हा कधी खांड पडली आणि त्या घरानं गडी दिला की नाव वर चढे.

पहिल्या वर्षी मालकांनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना जत्रेला नेलं होतं. गाव आता चारी बाजूंनी टॉवरमध्ये सापडलेलं आहे, पण देऊळ जागच्या जागी आहे. पंच हातात जुनी वही घेऊन नावं पुकारत होता. आमच्या मालकांचं घर तिथं सगळ्यात मोठं, त्यांचा शब्दही गावात चालतो. आम्हाला वाटलं, यांचा नारळ पहिल्या पाचात असणार. सत्तर घरं झाली. लोक खोबरं चावत पांगायला लागले. मग पंचानं वहीत न बघताच मालकांच्या वडिलांचं नाव घेतलं. मालक "हाय" म्हणाले, ते जेमतेम आम्हाला ऐकू गेलं. त्यांनी पुढं होऊन खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि न खाता खिशात टाकला.

येताना रिक्षात त्यांनी स्वतःहून सांगितलं. खांड पडली त्या दिवशी ते तळोज्याला कंपनीच्या गेटवर रांगेत उभे होते. नवीन कंपनी, नोकरभरती चालू. त्यांच्यापुढं फक्त आठ माणसं राहिली होती. भावकीतला एकजण सायकल मारत आला आणि म्हणाला, बांध गेला, चल. मालक म्हणाले, तू हो पुढं. तो गेला. मालक रांगेत राहिले. संध्याकाळी नोकरीचा कागद घेऊन घरी गेले तर खांड बुजली होती आणि नावं पुकारून झाली होती.

पुढच्या वेळी गेले असाल ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढची वेळ आलीच नाही. चार वर्षांत जमिनी गेल्या. बांधावर भराव पडला, त्यावरून रस्ता झाला. खांड पडायला बांधच उरला नाही. त्यामुळं ती शेवटची यादी तशीच राहिली, आणि गाव आहे तोवर तशीच राहणार.

हे ऐकल्यावर मला त्यांच्या उधाणाच्या मेसेजचं हसू येईनासं झालं. सत्तरीचा माणूस कॅलेंडरवर लाल खुणा करत वाट बघत होता आणि येणारं काही नव्हतं.

बैठकीत मालकांना खऱ्या अर्थानं पुरून उरणारे एकच होते. तिसऱ्या मजल्यावरचे सोनवणे. मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबातले, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कधी आवाज चढवायचे नाहीत, एकेक शब्द फाइलला टाचणी लावल्यासारखा जागेवर ठेवायचे. त्यांचं उत्तर सहा वर्षांत बदललं नाही. या देशात प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत मिळालं, ती सगळ्यात मोठी घटना. मालक विचारायचे, त्यासाठी चिखलात कोण उतरलं? सोनवणे म्हणायचे, आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चिखलातच होते, मालक. उतरायचा प्रश्न नव्हता, वर यायचा होता.

मग मालक चहाचा पेला उचलत. पण हरले असं म्हणत नसत.

एकदा सोनवण्यांनी त्यांना नीट समजावलं होतं. "तुमची मोजणी घरटी आहे. आमच्या गावात वेशीबाहेरची घरं मोजणीत धरतच नव्हते. आणि धरली असती तरी घरातला एकच माणूस मोजला असता. बाकीचे कुठं गेले? पहिल्यांदा माणशी एक असं मोजलं, तो दिवस मोठा." मालक म्हणाले होते, माणशी मोजायला गेलात तर बांध वाहून जाईल, घरटी हिशेब सोपा पडतो. त्या दिवशी दोघंही हसले होते आणि काकींनी दोघांना पुन्हा चहा दिला होता.

आता मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. नवरा सेकंड शिफ्टला होता. पाच वाजले तसे मालक जिन्यापाशी येऊन म्हणाले, तुमच्यातनं कोण? मी लसणाची परडी खाली ठेवली आणि म्हटलं, मी. त्यांनी माझ्या मागं दाराकडं पाहिलं, जणू आतून आणखी कुणी निघेल. मग म्हणाले, बरं, शिफ्ट आहे म्हणून. मी खाली जाऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसले.

माझं उत्तर तयार होतं. नळ. घरात नळ आला ती माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट, आणि त्यावर मी अर्धा तास बोलू शकले असते. माझी आई पाण्यासाठी किती चालली ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मालक आणि सोनवणे आधीच घरटी आणि माणशीवर आले होते. मालक खांडीचं सांगत होते, सत्तर गडी दोन रांगा करून पाण्यात कसे उभे राहिले, बांबू कसे ठोकले. आणि मला आपलं एक साधं विचारावंसं वाटलं. मी विचारलं, एवढा चिखल लागला असेल, तो गड्यांपर्यंत कोण आणून देत होतं?

मी पुढं विचारलं, त्या दिवशी गावातल्या बाया कुठं होत्या?

"बाया?" ते म्हणाले. "बाया घरान. आनखी कुटं असनार?"

दारातून आवाज आला. "घरान कोन व्हता?"

काकी सुकटीच्या सुपावरून मान वर न करता बोलल्या होत्या. ओट्यावर सहा वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मालक वळले. काकींनी निवडलेली मूठभर सुकट बाजूला काढली आणि म्हणाल्या, "सासू बोलली, आपला गडी नाय, तू जा. मी गेली. सगल्या घरांतल्या बाया व्हत्या. चिखलाच्या पाट्या भरून हाती हाती द्याच्या. भरती याच्या आत खांड बुजवली."

मालकांनी विचारलं, मग नाव पुकारलं तेव्हा?

"मी तितंच उभी व्हती. कमरंपर्यंत चिखल, तोंडावर पदर, गड्यांनी वलखली नाय. सासऱ्यांचा नाव दोनदा घेतला. समोर तुमचा काका, तुमचा मामा, गावातली सगली मोठी मानसा. चार महिन्यांची नवरी मी. त्यांच्या म्होरं हाय कशी बोलू?" त्या थांबल्या. "जोडवा पन तितंच गेला."

सोनवण्यांनी चष्मा काढला. मला राग आलेला आठवतो, नेमका कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

मालक म्हणाले, "मना सांगितला का नाय?"

"सांगितला असता तर लोक बोलले असते, बायकोला चिखलान धाडली नी आपुन रांगेन उभा रायला. त्यापरीस उगी रायली." मग सूप उचलून उठता उठता म्हणाल्या, "नी मना कुनी इचारलाच नाय."

त्या आत गेल्या. मालकांनी चहाचा पेला जमिनीवर ठेवला आणि आजची बैठक संपली असं हातानं दाखवलं.

पुढचे तीन रविवार बैठक बसली नाही. उधाणाचा मेसेजही आला नाही. अमावास्येला गाड्या खालीच राहिल्या. मी काकींकडं सुकट घ्यायच्या निमित्तानं जाऊन आले. त्या नेहमीसारख्याच होत्या. मालक मात्र आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. काकी म्हणाल्या, जेवतात, झोपतात, फक्त माझ्या पायाकडं बघत बसतात.

चौथ्या रविवारी पाच वाजता मालक जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. गुडघ्यांमुळं ते एरवी कधी वर जात नसत. आमच्या दारावरून जाताना मलाही त्यांनी या म्हणून खूण केली. सोनवण्यांच्या दारात उभं राहूनच ते म्हणाले, तुमचं मान्य. माणशी मोजायला लागले ती गोष्ट मोठी.

सोनवण्यांनी सहा वर्षं हे ऐकायची वाट पाहिली होती. पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा दिसला नाही. त्यांनी मालकांना बसायला खुर्ची दिली.

"पन एक राहतां," मालक म्हणाले. "मोजनारा नाव घेतंय, मानूस समोर उभा हाय, नी तोंडातून हाय निघत नाय. तवा काय कराचा?"

सोनवणे म्हणाले, "त्याला वेळ लागतो, मालक. कागदावर आलेलं तोंडात यायला वेळ लागतो."

किती, असं मालकांनी विचारलं. सोनवणे म्हणाले, ते तुम्ही सांगा, मोजणी तुमच्या घरात झाली आहे. मालकांनी बोटांवर मोजलं. सत्तेचाळीस वर्षं.

मी त्यांना म्हटलं, आता पंचाला सांगून यादी बदलून घ्या. काकी गेल्या होत्या, साक्षीला बाया असतील. मालकांनी ठाम नकार दिला. यादी खरी आहे, ते म्हणाले. गडी गेला नव्हता. ते रांगेत उभे राहिले होते आणि तो नारळ शेवटीच असायला हवा. मला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांचं म्हणणं तेवढंच होतं असं नाही, हे मला जत्रेत समजलं.

त्या वर्षी जत्रेला मालकांनी सगळ्या बिऱ्हाडांना पुन्हा बोलावलं आणि या वेळी घरटी एक म्हटलं नाही. सगळे गेलो. पंच आता नवा, जुन्या पंचाचा मुलगा, वही तीच. नावं झाली, नारळ वाटले गेले, लोक पांगू लागले. शेवटी पंचानं मालकांच्या वडिलांचं नाव घेतलं.

मालक गप्प उभे राहिले.

पंचाला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा नाव घेतलं. पांगणारी माणसं थांबली. दोन-तीन म्हाताऱ्या देवळाच्या पायरीवरून मागं वळून बघायला लागल्या. मालक पंचाकडं बघत नव्हते. ते काकींकडं बघत होते.

काकींनी सवयीनं पदर डोक्यावर ओढला. मग तो तसाच सोडून दिला, आणि देवळाच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाय."

पायरीवरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली. ती का रडते ते पंचाला कळलं नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणांनाही कळलं नाही. काकी पुढं गेल्या, खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि परत आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी मान खाली घातली होती. काकींनी तुकडा हातानंच मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा मालकांपुढं धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तवा तुमी नव्हताव. पन घरचंच हाव."

मालकांनी तो खिशात टाकला नाही. तिथंच खाल्ला.